दोन मुक्या म्हाताऱ्या

पुलापलीकडच्या लोकांना फ्लॅट द्यायचा नाही, हा सोसायटीचा नियम अध्यक्षांनी फ्लॅट घ्यायला आलेल्या चष्मेवाल्याला फार गोड आवाजात ऐकवला होता. "भेदभाव आम्ही मानत नाही हो. फक्त ते लोक नकोत. आणि त्यांची ती भाषा! कान किटतात."

"किटणारच," चष्मेवाला म्हणाला. त्याचा जन्म पुलापलीकडचाच.

बायकोमुलांची बोली त्याने घासूनपुसून लख्ख केली. आई मात्र बधेना. तिने तोंड उघडलं की पुलापलीकडचंच बाहेर पडायचं. शेवटी त्याने सोसायटीत सांगून टाकलं, "आमची आई मुकी आहे."

अध्यक्ष कळवळले. "अरेरे! आमचीही."

एका रविवारी या दोन्ही मुक्या म्हाताऱ्या लिफ्टमध्ये अडकल्या. अख्खी सोसायटी दाराशी गोळा झाली, आणि आतून खणखणीत गप्पा ऐकू येऊ लागल्या. पुलापलीकडच्या भाषेत. चष्मेवाल्याला दरदरून घाम फुटला. आता गाशा गुंडाळायचा, एवढंच उरलं होतं.

"कुठली भाषा म्हणायची ही?" अध्यक्ष छताकडे बघत म्हणाले. "आपल्याला तर बुवा ओ की ठो कळत नाही."

"छे, छे, आम्हाला तरी कुठे कळतेय!" सगळ्यांनी घाईघाईने माना हलवल्या.

तेवढ्यात आत चष्मेवाल्याच्या आईने आपल्या दिवट्या लेकावर एक चावट विनोद केला,



आणि बाहेर अख्खी सोसायटी पोट धरून हसली.