घंटा वाजेपर्यंत

"प्रोफे, ही वर्तुळं नाहीत, अंडी आहेत!"

"मग बसा त्यांच्यावर. उबवा," त्यांची पोहण्याची शिक्षिका ओदिला म्हणाली.

मास्कच्या आड नऊ मुलं खिदळली. साथीमुळे बंद ठेवलेलं शिबिर पंधरा दिवसांनी पुन्हा उघडलं होतं. क्लबाच्या हिरवळीवर प्रत्येक मूल चुन्याच्या आपापल्या वर्तुळात उभं होतं, पायाशी नाव लिहिलेली बाटली. आजवर ही वर्तुळं क्लबाचा राखणदार अनिबाल काढायचा, खुंटी ठोकून, दोरी ताणून. आज ती ओदिलाने हाताने काढली होती.

"अनिबाल आजोबांची गोल यायची," बाउती म्हणाला आणि खाली बघू लागला.

दहावं वर्तुळ रिकामं होतं.

फाटकाशी अनिबालची मुलगी ग्रिसेल्दा आपल्या मिलेनाला घेऊन आली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. ओदिलाने मिलेनाच्या कपाळासमोर तापमापक धरला. छत्तीस पूर्णांक चार.

"घरात बसून भिंतींशी बोलायला लागली होती," ग्रिसेल्दा म्हणाली. "घेशील ना हिला?"

"घेशील म्हणजे? जागा राखून ठेवलीय."

एरवी गालाला गाल लावल्याशिवाय त्यांचं बोलणं सुरू होत नसे. ग्रिसेल्दाला पोहायला शिकवलं होतं तेही ओदिलानेच. आज दोघी दोन मीटरवर हात सोडून उभ्या राहिल्या.

"तुला यायचं होतं, ठाऊक आहे मला," ग्रिसेल्दा म्हणाली. "दफनाला चौघांनाच आत सोडलं. पेटीही उघडू दिली नाही." तिने एक पिशवी जमिनीवर ठेवली आणि मागे सरली. "हे बाबांच्या खोलीत सापडलं. तुझंच ना? उकळून आणलंय."

पिशवीत येर्बाचा, म्हणजे कडू चहाचा, तुंबा होता. चांदीच्या काठावर एक पोचा.

"स्वतःचा असताना तुझा कशाला आणला होता, देव जाणे."

ओदिलाने तोंड उघडलं. पण ग्रिसेल्दाला कामावर जायला उशीर झाला होता. मुलीच्या केसांवरून हात फिरवून ती निघूनही गेली.

तुंबा कशाला नेला होता, ते ओदिलाला माहीत होतं. त्या सकाळी मुलं यायची होती. अनिबाल चुना टाकत होता. तिने तुंब्यात गरम पाणी ओतलं, नळीने कडू चहाचा आपला वाटा ओढला, पुन्हा भरला आणि पुढे केला. चाळीस वर्षं तिचा हात तसाच पुढे जात आला होता. त्याने घेतला. तळाशी घुरघुर वाजली तेव्हा कुठे दोघांना भान आलं. "पोरांना सांगू नकोस हं," तो हसून म्हणाला आणि चुलीवर उकळून आणतो म्हणून तुंबा घेऊन गेला. ओदिलाचा घसा आदल्या दिवसापासून खवखवत होता. तलावातल्या क्लोरीनने, असं तिला वाटलं होतं.

पाचव्या दिवशी अनिबालला ताप चढला. सगळ्यांची तपासणी झाली, त्यात ओदिलालाही संसर्ग निघाला; पण ती आजारी अशी पडलीच नाही. बिचारीला अनिबालकडून आला, असं गावभर झालं. तसं नाही, असं ती कुणालाच म्हणाली नाही.

मिलेना आपल्या वर्तुळात गेली नाही. ती सरळ झाडाखालच्या बाकापाशी जाऊन बसली.

तो बाक या उन्हाळ्यातला ओदिलाचा नियम होता. कुणी दुसऱ्याच्या बाटलीतून प्यायलं, मास्क काढून कुणाच्या कानात बोललं, तर त्याने आपणहून मोठ्याने सांगायचं आणि घंटा वाजेपर्यंत बाकावर बसायचं. रागावायचं कुणी नाही. शिट्टी फुंकायला बंदी, म्हणून अनिबालने आपल्या मेलेल्या गाईच्या गळ्यातली घंटा आणून दिली होती.

"तू कशाला बसलीस, राणी?" ओदिलाने लांबूनच विचारलं. "तू तर आत्ताच आलीस."

"मी माझ्यासाठी नाही बसले." मिलेना उठून उभी राहिली. सांगताना उभं राहायचं असे. "आजोबांनी नियम मोडला. त्यांनी प्रोफेला आजारी पाडलं. त्यांना आता बसता येणार नाही, म्हणून मी बसतेय."

 झाडावर पोपटांचा कलकलाट चालू होता.

ओदिलाने घंटा उचलली. तिच्या कडीवर अल्कोहोल फवारलं, पुसलं, पुन्हा फवारलं. मग ती दहाव्या वर्तुळात नेऊन ठेवली आणि मागे सरली.

"ये इकडे. आज घंटा तुझ्याकडे."

मिलेना वर्तुळात आली. ओदिला तिला वळसा घालून बाकापाशी गेली. तुंबा तिच्या हातातच होता.

"प्रोफे, तू काय केलंस?" बाउतीने विचारलं.

"मी अनिबालला माझ्या तुंब्यातून प्यायला दिलं," ती म्हणाली. मास्कमधून आवाज नीट पोचला नसेल म्हणून तिने पुन्हा, शाळेत सांगतात तसं, सावकाश सांगितलं. "माझा घसा दुखत होता, तरी दिलं. आजार माझ्याकडून त्याला गेला. त्याच्याकडून मला नाही. आणि हे मी कुणालाच सांगितलं नाही."

मग ती बसली.

कुणी हललं नाही. तलावाचं पाणी उन्हात चमकत होतं. पोहायची वेळ झाली, टळूनही गेली.

"मिले," बाउती शेवटी हळूच म्हणाला, "वाजव ना गं."

मिलेना वाकड्या वर्तुळाच्या मधोमध उभी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मास्क भिजत होता. एका हातात तिने घंटा धरली होती. दुसरा हात तिने घंटेत घातला होता आणि लोलक मुठीत घट्ट आवळून धरला होता.