रिकामा फणस

वृक्ष अधिकारी साळगावकर यांनी यंत्राची सुई फणसाच्या खोडात टोचली आणि नियमाप्रमाणे झाडालाच विचारले, "तोडण्यास संमती आहे?" पडद्यावर एकही अक्षर उमटले नाही.

"बोलत का नाही मेला?" भागीरथीबाई देवस्थळी कडाडल्या. फणसाच्या मुळांनी त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत उभी चिरली होती. ती कोसळण्याआधी परवाना हवा होता.

"बाई, झाड हिरवंगार आहे, पण आत कोणीच नाही. तुम्ही याला काही केलंत का?"

"करणार काय? काल अक्षता वाहिल्या. 'उद्या तोडणार, राहणाऱ्यांनी दुसरीकडे जावं,' म्हटलं. आमच्याकडे सांगितल्यावाचून झाड तोडत नाहीत."

"ते पाखरांसाठी असतं ना?"

"मीही पाखरांनाच सांगितलं!"

गोंधळलेल्या साळगावकरांनी सुई कुंपणापलीकडच्या जांभळीला टोचली. पडद्यावर दोन उत्तरे आली. पहिले जांभळीचे होते: "मी संमती दिली आहे." दुसरे खाली सावकाश उमटले: "बाईंनी जायला सांगितलं, म्हणून मुळांवाटे इकडे आलो. भिंतीबद्दल क्षमा असावी."

भागीरथीबाईंनी कुंपणावरून वाकून पाहिले. जांभळीच्या खोडावर नोटीस डकवलेली होती. शेजारी बर्वे तिला उद्या तोडणार होते.

"तुमचा फणस खुशाल तोडा," साळगावकर म्हणाले. "रिकामाच आहे."

"फणस राहू द्या. जांभळीवर माझी हरकत लिहून घ्या."

"शेजाऱ्याच्या झाडावर? कारण काय लिहू?"

भागीरथीबाई पदर सावरून म्हणाल्या, "आमच्या घरचं माणूस आत आहे, असं लिहा."