मुलाच्या हातचं

मुलगा आचारी होता त्या हॉटेलात आईबाबा शेवटी जेवायला आलेच. सांगून आले असते तर त्याने काहीतरी निमित्त काढून दुसरीकडे नेलं असतं, म्हणून न सांगता आले. परदेशात येऊन त्यांना दहा दिवस झाले होते. सुट्टी मिळाली की तो त्यांना प्रवाशांनी गजबजलेल्या या चौकात फिरवायचा, आणि हॉटेल जवळ आलं की वाट वाकडी करायचा.

दारातल्या वेटरने जवळजवळ हाताला धरूनच त्यांना आत बसवलं. कार्डावर फोटोच फोटो होते. बाबांनी दोन ठिकाणी बोट ठेवलं आणि पाच मिनिटांत मासा आणि सूप समोर आलं. मासा कडेला करपलेला, मध्ये गारढोण. सूप नुसतं खारट पाणी.

"छान आहे," बाबा म्हणाले. "हात आहे पोराला."

आईने एक चमचा तोंडात घातला आणि चमचा खाली ठेवला. तीस वर्षं खानावळ चालवली होती तिने. मुलगा तिथेच कांदा चिरायला शिकला होता.

"हा त्याचा हात नाही."

"अगं, हळू बोल."

"इथं कुणाला कळतंय?" म्हणत ती उठली. वेटर हातवारे करत आडवा आला. तिनेही हातवारे केले. तो बाजूला झाला.

स्वयंपाकघरात शेगडी बंद होती. भिंतीला लागून मोठाले फ्रीज होते, त्यांच्यासमोर ओळीने ओव्हन. मुलगा कात्रीने एक पाकीट कापत होता. आईला बघून त्याचा हात तसाच राहिला.

"शिजवतोस कुठं?" तिने विचारलं.

"शिजवत नाही. सगळं कारखान्यातून येतं. मी कापतो आणि गरम करतो." मग खाली बघत म्हणाला, "मालक म्हणतो, इथं माणूस एकदाच येतो. चांगलं दिलं काय, वाईट दिलं काय, परत थोडाच येणार आहे?"

सहा वर्षं ती फोनवर विचारायची, "आज किती पानं उठली?" आणि तो आकडा सांगायचा. तेवढा आकडाच खरा असायचा. आता ती काय बोलेल याची वाट बघत तो उभा राहिला.

"आणि तू काय जेवतोस?" आई म्हणाली.

त्याने ओट्याखालचं दार उघडलं. फडक्यात गुंडाळलेलं एक पातेलं होतं. बटाट्याचा रस्सा, शेजारी डब्यात भात. मालक यायच्या आत तो रोज करायचा, स्वतःपुरता आणि भांडी घासणाऱ्या बाईपुरता.

आईने रस्सा तळहातावर घेऊन चाखला. पुन्हा एकदा चाखला.

"मीठ किंचित कमी आहे," ती म्हणाली. "बाहेर नेऊन वाढ."

"आई, मालक गल्ल्यावर बसलाय."

"बसू दे. तुझे बाबाही बसलेत."

त्याने कात्री खाली ठेवली आणि पातेलं उचललं. आईने भाताचा डबा आणि एक बशी घेतली. गल्ल्यावरून मालकाने काहीतरी विचारलं. मुलगा न थांबता पुढे गेला.

बाबांची ताटली स्वच्छ होती. अख्खा मासा त्यांनी संपवला होता.

"पोट भरलं रे माझं," ते म्हणाले, पण आईने ताटली बाजूला सारून बशी पुढे ठेवली होती. मुलाने भात वाढला, वर रस्सा घातला. बाबांनी मन राखायला एक घास घेतला. दुसरा घेतला. मग पुढे सरकून बसले आणि बशी रिकामी होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"बैस की," ते मुलाला म्हणाले. "आता तुझ्याकडे आल्यासारखं वाटलं."

मालक गल्ल्यावरून उठून त्यांच्याकडेच येत होता. मुलाने ते पाहिलं, आईशेजारची खुर्ची ओढली आणि तो बसला.