रिकामा हात

यंत्रमागाने इरगोंडाचा उजवा हात खाल्ला, तेव्हा त्याच्या बायकोने, पद्मलने, जुने भाग जोडून घरीच एक संगणक बांधला आणि त्यावर चालणारा लोखंडी हात नवऱ्याच्या खांद्याला बसवला. हात कामात असला की संगणक दिवसभर बिनबोभाट चाले. हात रिकामा राहिला की मात्र तो बंद पडे, आपोआप पुन्हा सुरू होई, आणि सुरू होताना लोखंडी मूठ पुऱ्या ताकदीने आवळली जाई. रविवारी त्या मुठीत पद्मलचा खांदा सापडला आणि हाड मोडलं. इरगोंडा बायकोला मारतो, असं गल्लीभर झालं.

तिसऱ्या दिवशी पद्मलला दोष उमगला. काम नसलं की संगणक स्वतःची वीज गरजेपेक्षाही खाली उतरवत होता, म्हणून बंद पडत होता. "नवा भाग येईपर्यंत बोटं हलवत राहा, थांबू नका," तिने नवऱ्याला बजावलं.

त्याच दुपारी तिचा भाऊ भूपाल पहार घेऊन घरात घुसला. पहिल्या घावात इरगोंडाचे दोन दात पडले, दुसऱ्यात बरगडी मोडली. भूपाल त्याच्या छातीवर बसला, तेव्हा लोखंडी पंजा नेमका भूपालच्या गळ्याशी अडकला.

"माझ्यावर हात उगारता, दाजी?" भूपालने पुन्हा मारलं.

इरगोंडाची शुद्ध हरपत होती, तरी तो एकेक लोखंडी बोट हलवत राहिला. "पद्मल, हाताची तार काढ," तो रक्त थुंकत म्हणाला.

पद्मलने धड हाताने तार उपटली. लोखंडी हात निर्जीव होऊन फरशीवर आदळला.

"आता मार, भूपाल," इरगोंडा म्हणाला. "आता तुझ्या जिवाला धोका नाही."