चौघांचा डबा

"हरेल त्यानं संध्याकाळी मैदानात नाचणाऱ्या हान मावशीच्या बायकांत उभं राहायचं आणि लाल पंखा घेऊन नाचायचं," दुआनकाकांनी जाहीर केलं. चीनमधल्या लानचौच्या एका संशोधन संस्थेच्या कँटीनमधून निवृत्त झाल्यापासून संस्थेच्या कॉलनीत पैजा लावणं हाच त्यांचा धंदा.

"मंजूर," फंग युआन म्हणाला.

तिसऱ्या मजल्यावरचा हा फंग सहा वर्षं एकच गोष्ट बघत होता. दोन जड क्वार्क, म्हणजे पदार्थाचे सूक्ष्मातले सूक्ष्म कण, आणि दोन जड प्रतिक्वार्क, त्यांचे उलटे जोडीदार. चौघं मिळून एक कण होऊन राहतात का? राहतात, असं त्याचा कॉम्प्युटर म्हणत होता.

काकांनी वाडग्यातले नूडल्स सर्रकन ओढले. "अरे येड्या, दोन नवरे, दोन बायका, एक खोली! पहिल्याच दिवशी जोड्या करून चालू लागतील."

"नाही काका. घट्ट बसलेत. सुटतच नाहीत."

टाळी पडली. काकांची फक्त अब्रू पणाला होती. फंगचं सगळंच. पेपर छापून आला तर नोकरी कायम, नाहीतर ऑगस्टमध्ये नोकरी गेली आणि क्वार्टर खाली. हे कॉलनीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

कॉम्प्युटरात हे कण एका काल्पनिक डब्यात ठेवून बघतात. डबा मोठा तेवढा हिशोबाला वेळ जास्त, म्हणून फंगनं लहानच घेतला होता. पेपर पाठवायच्या आधी त्याला खुंटा हलवून बळकट करायची हुक्की आली. डबा दुप्पट केला. गुरुवारी दुपारी उत्तर आलं. मोठा डबा कुणी मागितला नव्हता. उत्तर पुसून टाकलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता.

संध्याकाळी सातला मैदानात गाणं सुरू झालं. फंग खाली आला आणि थेट हान मावशींपुढे हात केला. "पंखा द्या."

एकच हशा. काकांनी मांडीवर थाप मारली. "पळाले ना जोडीजोडीनं?"

"पळाले."

"मग इतके दिवस एकत्र कसे होते रे?"

"एकत्र नव्हते, काका. भिंती जवळ होत्या. जायला जागा नव्हती."

काका हसता हसता थांबले. ऑगस्ट आता कुठे त्यांच्या डोक्यात शिरला. "अरे, मस्करी होती ती. ठेव तो पंखा."

"पैज म्हणजे पैज."

वर गॅलरीत त्याची बायको मिनल्यान कपडे वाळत घालत होती. तिनं त्याच्या हातात लाल पंखा पाहिला. ऑगस्टची वाट न बघता ती ओलेच कपडे दोरीवरून काढायला लागली.

फंग रांगेत शिरला.

"हात पसर की रे!" हान मावशी ओरडल्या. "एवढं मोठं मैदान पडलंय!"

फंगनं पंखा उघडला. कोपरं मात्र बरगड्यांना चिकटलेलीच होती.