चार बोटं कमी

फळी चार बोटं कमी भरली. त्याने टेप सोडला, पुन्हा लावला, मग दुसऱ्या टोकाकडून मोजून पाहिलं. जणू डावीकडून एक माप निघतं आणि उजवीकडून दुसरंच. दोन्हीकडून तेवढीच. चार बोटं कमी म्हणजे कमीच.

ही फळी खिडकीतल्या बाकड्याची. पाय लांब करून, रस्ता बघत बसायला बायकोला एक बाकडं हवं होतं, आणि त्यानेच मोठ्या हौसेने तिला या फळीवर बसवून माप घेतलं होतं. एका टोकाला पेन्सिलीने लिहिलेलं ‘पाठ’ अजून शाबूत होतं. दुसऱ्या टोकाला ‘टाच’ असायला हवं होतं. ते नव्हतं.

कुठे गेलं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. मांडणीवरचं शिडाचं जहाज त्याने खाली काढलं. शिडाचं म्हणायचं इतकंच, शिडं अजून चढायची होती. जहाज उलटं केलं. खालच्या बैठकीवर त्याच्याच अक्षरात ‘टाच’.

एवढंसं टोक घेतलं तर काय बिघडलं, बाकड्याला दुसरी फळी आणू, असं तेव्हा मनाशी म्हटलं होतं. मग घड्याळाची पेटी आली, तिला अजून दार नव्हतं. मग बुद्धिबळ आलं; पटावर दोन राजे समोरासमोर ताटकळत उभे होते आणि प्यादं एकही नव्हतं. घरामागच्या या खोलीत नवं काम आलं की बायको दारात येऊन विचारायची, “या सवतीचं नाव काय?” बाकड्याची आठवण करून द्यायची, हसायची, निघून जायची. तोही हसायचा. आज ते हसणं आठवून त्याला स्वतःची चीड आली.

वखारीतून नवी फळी आणता आली असती. पण ती वाळायला वेळ लागणार, आणि गेल्या आठवड्यात बायकोला दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टर जे बोलले, त्यात लाकूड वाळण्याइतका वेळ नव्हता. राहता राहिला जोड. त्याने जहाज गुडघ्यात धरलं आणि बैठकीवर करवत टेकवली. एकदाच ओढली.

“काय कापताय?” भिंतीपलीकडून बायकोचा आवाज आला.

“काही नाही. जरा जोड देतोय.”

“फळी कमी पडली ना?”

त्याने खाचेवरचा भुसा फुंकला.

“सुतारबुवा, जहाज मोडू नका. तुकडा त्याच्या खाली आहे, माहितीये मला. इतकी वर्षं धूळ कोण पुसत होतं त्याची?”

करवत हातातच राहिली. तुकड्याबद्दल ती कधी एका शब्दाने बोलली नव्हती.

“उद्यापर्यंत जोड सुकेल,” तो म्हणाला.

“उद्यापर्यंत तुम्हाला तिसरंच काहीतरी सुचेल. फळी आहे तशी इकडे आणा.”

त्याने फळी खांद्यावर घेतली. खोलीपर्यंत येता येता दोनदा थांबून दम खाल्ला. खिडकीखाली भिंतीलगत ती जमिनीवर ठेवली, वर घोंगडी टाकायला गेला तर ती म्हणाली, “राहू दे, माप चुकेल.” मग त्याने तिला पलंगावरून उचललं. या वेळी कुठेच थांबावं लागलं नाही. चार पावलांचं तर अंतर, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही.

‘पाठ’ लिहिलं होतं तिथे तिने भिंतीला पाठ टेकली. खिडकी आता डोक्याच्या वर होती. बाहेर पोरांचा कालवा चालला होता.

“शाळा सुटली वाटतं,” ती म्हणाली.

“हो. बाकडं झालं की दिसतील तुला इथून.”

“घ्या माप.”

तो तिच्या पायांशी गुडघे टेकून बसला. कानावरची पेन्सिल काढली. थांबला. तिच्या गाऊनखाली गुडघे उभेच होते.

“पाय सरळ कर ना.”

“केलेत.”

त्याने वर पाहिलं. ती दात घट्ट आवळून बसली होती, कपाळावर घाम आला होता. त्याने पुन्हा खाली पाहिलं. तिच्या टाचेशी पेन्सिल टेकवली आणि रेघ मारली. रेघ वाकडी आली. उभ्या जन्मात त्याची रेघ कधी वाकडी आली नव्हती. शेजारी त्याने ‘टाच’ असं लिहिलं. त्या शब्दाच्या पलीकडे चांगली वीतभर फळी मोकळी पडली होती.

बायकोने मान पुढे काढून पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर ते दारात उभं राहून हसण्याचं हसू आलं.

“पुरली की हो. उरलीसुद्धा. आता त्या तुकड्याचं काय करणार?”

वीतभर सागात काय काय निघतं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तो रेघेकडे बघत बसून राहिला. त्याला काहीच सुचलं नाही.