पसंती

सकाळी खो-खो खेळताना कालिंदीचं डोकं खांबावर आपटलं. रक्त आलं नाही, म्हणून घरी कुणी मनावर घेतलं नाही. दुपारी पाहुणे तिला बघायला येणार होते.

एरवी अख्खी शिवाजी पेठ दणाणून सोडणारी कालिंदी पाहुण्यांसमोर मान खाली घालून बसली. आतल्या स्टोव्हचा आवाज तिच्या डोक्यात घुमत होता, उजेडानं डोळे मिटत होते.

"लई शांत हाय की पोरगी!" मुलाची आत्या खूश झाली. "नाव काय गं तुझं?"

कालिंदी नुसतीच आईच्या तोंडाकडं बघत राहिली.

"लाजली बघा," आई म्हणाली, तसे सगळे हसले. मुलाकडच्यांनी तिथंच होकार दिला. आईनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.



कालिंदी अजून आपलं नाव आठवून बघत होती.